पूरग्रस्तांना उत्तर देणारी मदत : संस्था, मंडळं आणि ट्रस्टसाठी कामाची पद्धत

कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर घराघरांत लक्षात आहेत. मदतीसाठी माणसं पुढे आली नाहीत, असं यातल्या एकाही वेळी झालं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत इर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि तरीही राज्यभरातून धान्याचे, पाण्याच्या बाटल्यांचे ट्रक निघाले. अनेक गणेश मंडळांनी त्या वर्षीची वर्गणी पुराकडे वळवली. दोन वर्षांनी चिपळूण आणि महाड चिखलात बुडाले, तेव्हाही तेच झालं.

पाणी ओसरल्यावर गावात बसून ऐकलं, की तक्रारीही दर वेळी त्याच असतात. रस्त्याकडेच्या गावाला तीन-तीनदा मिळालं आणि आतल्या वस्तीवर कुणी फिरकलं नाही. घरमालकाला किट मिळालं, भाडेकरूला नाही. नेसता येणार नाहीत असे कपडे ढिगाने आले. फोटो काढून झाल्यावरच पिशवी हातात पडली. यातली एकही तक्रार पैसा कमी पडल्यामुळे झालेली नाही. संस्था उत्तर देते ती देणगीदाराला, मुख्य कार्यालयाला आणि लेखापरीक्षकाला. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला काय मिळणार होतं, का मिळालं नाही आणि विचारायचं कुणाला, हे कुणीच सांगत नाही. ही दिशा बदलायची असेल तर रोजच्या कामात काय काय करावं लागतं, ते पुढे क्रमाने मांडलं आहे. मोठ्या संस्थेला ते लागू आहे आणि चार पोरं मिळून टेम्पो काढणाऱ्या मंडळालाही.

आधी मापं ठरवा

मदतीचा दर्जा हा कुणाच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही. १९९४ मध्ये रवांडातून पळालेल्या निर्वासितांच्या गोमा इथल्या छावण्यांत कॉलरा आणि हगवणीने काही आठवड्यांत हजारो माणसं मेली. तिथे संस्था भरपूर होत्या, पण पाणी किती, संडास किती, जबाबदारी कुणाची, यावर एकवाक्यता नव्हती. त्या अनुभवातून १९९७ मध्ये ‘स्फिअर’ नावाने ओळखली जाणारी मदतकार्याची किमान मानकं तयार करायला सुरुवात झाली. २०१४ मध्ये ‘कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड’ आलं. त्यातली नऊ वचनं आपत्तीग्रस्त माणसाच्या बाजूने मांडलेली आहेत. मदत माझ्या गरजेची आहे का, वेळेवर आली का, मला माहिती मिळाली का, तक्रार करता आली का, असे प्रश्न त्यातून विचारता येतात. आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ नुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदतीचे किमान निकष ठरवले आहेत. निवारा, अन्न, पाणी, स्वच्छता आणि आरोग्य हे सगळं त्यात येतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. पण चार आकडे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवेत. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. सगळ्या वापरासाठी मिळून दिवसाला माणशी किमान १५ लिटर पाणी. दिवसाला माणशी २,१०० किलोकॅलरी अन्न. सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक संडास आणि जमेल तितक्या लवकर २० माणसांमागे एक. शाळेच्या एका वर्गखोलीत किती कुटुंबं बसवता येतील, हे पहिल्या आकड्यावरून दोन मिनिटांत निघतं. सहा बाय आठ मीटरची खोली म्हणजे ४८ चौरस मीटर, म्हणजे १३ माणसं. तिथे ४० माणसं झोपलेली दिसली, तर दुसरी जागा शोधणं हे त्या दिवसाचं पहिलं काम ठरतं. चादरी वाटायचं काम त्यानंतर.

मे महिन्यात करायची कामं

पूर आल्यावर पद्धत बसवता येत नाही. त्या घाईत जे सोपं तेच होतं.

पहिलं काम नकाशाचं. आपण नेमक्या कोणत्या गावांत काम करणार ते आधीच ठरवा आणि त्या गावांच्या वस्त्यांची नावं लिहून काढा. गावठाण, मळे, नदीकाठची वस्ती, दलित वस्ती, वीटभट्टी, साखर कारखान्याजवळच्या खोल्या हे सगळं त्यात आलं पाहिजे. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी-कुरुंदवाडचा परिसर, करवीरमध्ये प्रयाग चिखली-आंबेवाडी, पलूस-वाळव्यात कृष्णाकाठ, इथल्या लोकांना कोणत्या पातळीला कोणता रस्ता बंद होतो हे तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून ते लिहून घ्या. इर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ती ३९ आणि ४३ फूट आहे. इशारा पातळी गाठली की आपल्या संस्थेत कोण कुठे जाणार, गोदामाची किल्ली कुणाकडे, पहिला फोन कुणाला, हे एका पानावर असू द्या.

दुसरं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि तहसील कार्यालयात स्वतः जाऊन आपली ओळख द्या. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, दोन्ही सांगून ठेवा. विशेषतः बोटींबद्दल. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला गावातली बोट उलटून अनेकांचे जीव गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि अंगात लाइफ जॅकेट नाही, एवढं पुरेसं होतं. प्रशिक्षण नसेल तर सुटकेच्या कामात उतरू नये. आपली बोट धान्य-औषधं पोचवायला वापरायची असली, तरी जितकी जॅकेटं तितकीच माणसं, हा नियम गावच्या पुढाऱ्यासाठीही मोडायचा नाही.

पाहणी : कुणाला विचारता, त्यावर उत्तर ठरतं

गावात शिरल्यावर पहिली माणसं भेटतात ती सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामसेवक. (२०२४ पासून शेवटच्या दोघांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली, पण बोलण्यात जुनीच चालतात.) त्यांच्याशी बोलायलाच हवं. पण तिथेच पाहणी संपवली, तर पंचनाम्यात जे दिसतं तेच आपल्यालाही दिसेल. पंचनामा घर आणि शेत यांचा होतो. ज्याच्या नावावर दोन्ही नाही, तो त्यात जवळजवळ नसतोच. शेतमजूर, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा परराज्यातला कामगार, खोली भाड्याने घेतलेलं कुटुंब, पालावर राहणारी माणसं अशीच सुटतात.

म्हणून पाहणीत आणखी चार जणांशी बोलावं लागतं. अंगणवाडी सेविकेकडे सहा वर्षांखालच्या मुलांची आणि गरोदर बायकांची नोंद असते. आशा ताईला अंथरुणाला खिळलेली माणसं, डायलिसिसवरचे आणि टीबीचे रुग्ण माहीत असतात. बचत गटाच्या बायकांना कुणाची चूल पेटलेली नाही हे माहीत असतं. रेशन दुकानदाराला कुणाकडे कार्डच नाही हे ठाऊक असतं. बायकांशी बोलणं स्त्री कार्यकर्तीने आणि पुरुषमंडळींपासून बाजूला करावं. संडासाला रात्री जाताना काय होतं, पाळीची सोय काय, रात्री निवाऱ्यात झोप लागते का, हे चावडीवर कुणी सांगत नाही.

जनावरांचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. गोठ्यातली म्हैस सोडून जायला तयार नसल्यामुळे घर न सोडणारी कुटुंबं २०१९ मध्ये गावोगाव होती. चारा आणि जनावरांसाठी उंचावरची जागा मिळाली, तर माणसं वेळेत बाहेर पडतात. ही दुधावर चालणारी घरं आहेत. चाऱ्याला दुय्यम मदत मानणं म्हणजे गावाचं अर्थकारण न कळणं.

पाहणी एका दिवसात उरका आणि निष्कर्ष दुसऱ्या दिवशी गावालाच वाचून दाखवा. “आम्हाला हे हे समजलं, यातलं एवढं आम्ही करू शकतो, एवढं नाही,” असं सरळ सांगितलं की निम्म्या गैरसमजांना जागाच राहत नाही.

यादी

मदतकार्यात सगळ्यांत जास्त भांडणं यादीवरून होतात, आणि तो राग चुकीचा नसतो. यादी कशी झाली हे माहीत नसलेल्या माणसाला ती वशिल्याचीच वाटणार.

एकक म्हणून रेशन कार्ड धरू नका, चूल धरा. एका कार्डावर तीन भावांची कुटुंबं असतात. वेगळी निघालेली सून, घटस्फोटित मुलगी, विधवा नणंद यांची चूल वेगळी आणि नाव मात्र जुन्याच कार्डावर असतं. कार्ड धरलं तर तिघांत एक किट. चूल धरली आणि चुलीमागे माणसं मोजली, तर खरा आकडा मिळतो. आधार कार्ड किंवा रेशन कार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. कागद पुरात वाहून गेलेले असतात. शेजारच्या दोन घरांची तोंडी साक्ष घ्या आणि ती नोंदवा.

निकष तीन-चारच ठेवा आणि ते वस्तीवरच्या बैठकीत ठरवा. घरात किती पाणी होतं, कमावतं माणूस आहे का, घरात अपंग, आजारी किंवा एकटी वृद्ध व्यक्ती आहे का, रोजगार बुडाला का. सरसकट द्यायचं की निवडून, हा निर्णयही आधीच करा. पहिल्या आठवड्यात, सगळं गाव पाण्यात असताना सरसकट देणंच योग्य. निवडायला लागणारा वेळ तेव्हा परवडत नाही आणि चूक झाली तर माणूस उपाशी राहतो. घरदुरुस्ती, शेळ्या, शिलाई मशीन, दुकानाचं भांडवल अशा मोठ्या मदतीला मात्र निवड करावीच लागते.

मग कच्ची यादी लावा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक प्रत, प्रत्येक वस्तीवर एक. पूर्ण २४ तास राहू द्या. वाचता न येणाऱ्यांसाठी संध्याकाळी मोठ्याने वाचा. हरकती लिहून घ्या, दोन माणसं पाठवून खात्री करा, मग पक्की यादी. यादीत नाव, वस्ती आणि माणसांची संख्या एवढंच असू द्या. आजार, जात, फोन आणि आधार क्रमांक भिंतीवर कधीही लावायचे नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६१ नुसार मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. हा कायदा स्वयंसेवकांना वाचून दाखवा. भेदभाव उघड नकाराने क्वचितच होतो. वाटपाचं ठिकाण देवळाच्या आवारात ठेवलं, गाडी दलित वस्तीपर्यंत न नेता वेशीवर थांबवली, पुकारा मुख्य पेठेतच केला, अशा साध्या निर्णयांतून तो होतो.

किटमध्ये किती, याचं गणित

‘१५ दिवसांचं किट’ असं छापलेली पिशवी उघडून मोजून बघा. माणशी रोज साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि २५ ते ३० ग्रॅम तेल धरलं आणि वर साखर, शेंगदाणे, भाजी आली, तर २,१०० किलोकॅलरीच्या आसपास जाता येतं. पाच माणसांच्या घराला १५ दिवस म्हणजे ३० किलो धान्य, साडेचार किलो डाळ आणि दोन किलो तेल. पाच किलो तांदूळ आणि एक किलो डाळ असलेली पिशवी या घरात अडीच-तीन दिवस चालते. पैसे तेवढेच असतील तर तेवढंच द्या, पण पिशवीवर खरं लिहा, म्हणजे उरलेल्या दिवसांची सोय घर आणि दुसऱ्या संस्था करू शकतील.

धान्य देताना ते शिजवणार कशावर, हे विचारा. गॅस वाहून गेला आहे, सरपण ओलं आहे, गिरणी बंद आहे, अशा घरी गहू देऊन उपयोग नाही. तिथे आधी तयार जेवण, मग तांदूळ आणि पीठ. सीमाभागातल्या घरांत जोंधळ्याची भाकरी लागते, कोकणात तांदूळ लागतो.

गरज आठवड्यागणिक बदलते. पाणी उतरलं की अन्नाच्या पाकिटांपेक्षा खराटे, फावडी, घमेली, फिनेल, हातमोजे, गमबूट आणि चिखल धुवायचे पंप महत्त्वाचे होतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत आणि महाडला हेच दिसलं. जुने कपडे स्वीकारूच नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला पडलेले कपड्यांचे ढीग साऱ्या देशाने पाहिले, आणि ते उचलायला पुन्हा स्थानिक यंत्रणाच लागली. देणगीदाराला नम्रपणे, पण स्पष्ट सांगा, की नवी साडी, गाऊन, अंतर्वस्त्रं, चादर चालेल, वापरलेलं नाही.

बाजार सुरू झाला असेल तर थेट बँक खात्यात पैसे देणं बहुतेक वेळा वस्तूंपेक्षा बरं. माणूस आपल्याला हवं ते घेतो आणि गावच्या दुकानदाराचंही गाडं सुरू होतं. खातं बाईच्या नावावर असेल तर तिला विचारून मगच रक्कम टाका. कर्जाच्या हप्त्यात ती आपोआप वळती होणार नाही, याची बँकेत खात्री करून घ्या.

पाणी आणि संडास

बाटलीबंद पाणी पहिल्या दोन दिवसांपुरतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला ७५ लिटर लागतं, ते बाटल्यांनी कधीच भागत नाही. टँकर आला तर साठवायला झाकणाची भांडी आहेत का ते बघा. विहिरी आणि टाक्या उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर गावच्या जलसुरक्षकाबरोबर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी चाचणी) करा आणि निकाल फळ्यावर लिहा. नळाला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेला असला पाहिजे. निवाऱ्यातल्या संडासाला आतून कडी, बाहेर दिवा आणि बायकांसाठी वेगळी वाट हवी. निवारा पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने, अगदी विश्वस्तांनीसुद्धा, तिथला संडास उघडून बघावा.

वाटपाच्या जागी लावायचा फलक

या लेखातली एकच गोष्ट करायची असं ठरवलंत तर ही करा. साध्या ड्रॉइंग पेपरवर जाड मार्करने लिहिलेला फलक पुरतो. त्यावर असं काही असावं :

“आमची संस्था : (नाव). आज या वस्तीवर १४२ चुलींसाठी किट आणले आहेत. प्रत्येक किटमध्ये तांदूळ १० किलो, पीठ १० किलो, तूरडाळ ३ किलो, तेल २ लिटर, मीठ १ किलो, साबण ४. पाच माणसांना साधारण १० दिवस पुरेल. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर दीड किट. हे मोफत आहे. यासाठी कुणीही पैसे, सही केलेला कोरा कागद, मत किंवा दुसरं काहीही मागू शकत नाही. फोटो काढू न देणं हा तुमचा हक्क आहे, किट तरीही मिळेल. नाव राहिलं, वस्तू कमी निघाली, कुणी वाईट वागलं तर या नंबरवर सांगा : (फोन). बायकांना बाईशीच बोलायचं असेल तर हा नंबर : (फोन). तीन दिवसांत उत्तर देऊ.”

आकडे अर्थात तुमचे घाला. असा फलक लागला की दोन गोष्टी घडतात. पिशवीतून तेलाची पिशवी काढून घेणाऱ्याला आता सगळी रांग विचारू शकते. आणि आपल्या स्वयंसेवकांनाही आपण नक्की काय देतोय हे कळतं, जे बऱ्याचदा त्यांना माहीत नसतं.

वाटपाची वेळ आदल्या दिवशी सांगा. वृद्ध, अपंग, गरोदर आणि तान्हं मूल असलेल्यांची रांग वेगळी ठेवा, आणि जे येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी पोचवा. अंधार पडायच्या आत वाटप संपवा. सही-अंगठा घेताना रकान्यात वस्तू आणि परिमाण आधी भरलेलं असलं पाहिजे, कोऱ्या ओळीवर अंगठा नाही. किटवर नेत्याचा किंवा दात्याचा फोटो नको. २०१९ च्या पुरात पाकिटांवरच्या स्टिकरवरून राज्यभर संताप झाला, तो लोक विसरलेले नाहीत.

तक्रार ही कामाची माहिती आहे

बहुतेक ठिकाणी तक्रारपेटी लावतात आणि विषय संपला असं मानतात. पेटी लोक वापरत नाहीत. लिहिता येत नाही, किल्ली कुणाकडे आहे माहीत नाही, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तोच समोर उभा असतो. म्हणून वाटा अनेक ठेवा. वाटपाच्या जागी टेबल, एक फोन नंबर जो खरंच उचलला जातो, वस्तीवर दर दोन दिवसांनी बायकांची बैठक आणि आशा ताई किंवा बचत गटामार्फत निरोप.

एक जाड वही घ्या, पानांना क्रमांक घाला आणि रकाने आखा : तारीख, वस्ती, काय म्हणणं, कुणी ऐकलं, काय केलं, सांगणाऱ्याला कधी कळवलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच रिकामा राहतो. नोंद अशी दिसेल : “मळ्यातली वस्ती. कार्ड सासऱ्याच्या नावावर, किट त्यांना मिळालं, मी दोन मुलांसह वेगळी राहते. शेजारी दोन घरांत विचारलं, चूल वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी किट पोचवलं. तिला सांगितलं.” किंवा : “डाळीला कीड. पाच पिशव्या उघडून पाहिल्या, तीनमध्ये कीड. त्या लॉटचं वाटप थांबवलं, व्यापाऱ्याकडून बदलून घेतली. रांगेत जाहीर केलं.” उत्तर ‘नाही’ असेल तरी द्यायचं, कारणासह. नकारापेक्षा माणसाला ताटकळत ठेवणं जास्त अपमानाचं असतं.

आठवड्याच्या शेवटी वही उघडून कोणती तक्रार पुन्हा पुन्हा येते ते बघा. एखाद्या वस्तीवरून एकही तक्रार आली नसेल, तर तिथे सगळं ठीक आहे असं गृहीत धरू नका. बहुधा तिथपर्यंत आपला नंबरच पोचलेला नसतो.

काही तक्रारी या वहीत लिहायच्याच नाहीत. मदतीच्या बदल्यात शरीराची मागणी, छेडछाड, मुलांशी गैरवर्तन, पैसे उकळणं यासाठी संस्थेत एक स्त्री जबाबदार नेमा, जी वाटपाच्या कामात नसेल आणि थेट विश्वस्तांशी बोलू शकेल. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच दिवशी कामावरून बाजूला करा. पीडितेची इच्छा विचारूनच पुढचं पाऊल उचला. मात्र १८ वर्षांखालच्या मुलाबाबत लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक निवाऱ्यात लावा. “आमच्या संस्थेत असं होत नाही” हे वाक्य कुठल्याही विश्वस्ताने बोलू नये. पुरातला निवारा ही अशी जागा असते, जिथे एका माणसाच्या हातात अन्न असतं आणि समोरच्याकडे काहीच नसतं.

स्वयंसेवकांकडून एका पानाच्या नियमांवर सही घ्या, ते मोठ्याने वाचून झाल्यावर. निवाऱ्यात रात्री एकट्याने जायचं नाही. मुलांना एकटं घेऊन कुठेही जायचं नाही. दारू पिऊन कामावर यायचं नाही. रडणाऱ्या, ओल्या कपड्यातल्या, जेवणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही. धर्माचा, पक्षाचा प्रचार नाही.

पैशाचा हिशेब गावातही लावा

नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या मंडळाने निधी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडून रीतसर परवानगी घ्यावी, जशी गणेशोत्सवासाठी घेतात. निधी वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर मुळीच घेऊ नका. प्राप्तिकर सवलतीसाठीची ८० जीची पावती देणार असाल, तर २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही हे आधी सांगा. मदतीचा पैसा किंवा वस्तू यांचा अपहार झाला, तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५३ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

वस्तूंची आवक-जावक वही पैशाइतकीच काटेकोर ठेवा, मुदत संपण्याच्या तारखेसकट. गाडीभाडं, डिझेल, कार्यकर्त्यांचं जेवण, पगार हे खर्च लपवू नका. “शंभरातले शंभर रुपये पूरग्रस्तांना” असं म्हणणारी संस्था एक तर खोटं बोलत असते किंवा तिचा खर्च कुणी दुसरा उचलत असतो.

मग तोच हिशेब, एका पानाचा, त्या गावात लावा : या गावासाठी एवढं आलं, एवढं दिलं, एवढं शिल्लक, शिल्लक अमुक कामाला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेऊन सरकारी कामांची हजेरीपत्रकं गावासमोर वाचली आणि त्यातून माहिती अधिकाराच्या चळवळीला बळ मिळालं. रोजगार हमीत सामाजिक अंकेक्षण आलं ते त्याच वाटेने. सरकारकडून आपण जे मागतो, ते आपल्या संस्थेला लावायला हरकत नसावी. ग्रामसभेत यादी आणि हिशेब वाचा, प्रश्न घ्या, उत्तरं इतिवृत्तात लिहू द्या.

शेजारच्या संस्थेशी बोला

रोज संध्याकाळी तहसील कार्यालयात किंवा एखाद्या कॉलेजात अर्धा तास सगळ्या संस्था बसल्या, तरी गावांची दुबार मदत बरीच टळते. एक तक्ता पुरतो : गाव, वस्ती, चुली, कुणी काय दिलं, तारीख, काय राहिलं. तो सगळ्यांना पाहता आणि भरता यावा. ज्या संस्थेला गावाचं नाव माहीत नाही, तिला या तक्त्यातली सगळ्यांत रिकामी ओळ द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा धाराशिव-सोलापूरकडच्या ज्या गावांना महापुराची सवयच नव्हती, तिथे अशा तक्त्याची गरज कृष्णाकाठापेक्षाही जास्त होती.

बाहेरून येणाऱ्या मोठ्या संस्थांना एक आग्रहाची विनंती. त्सुनामीनंतरच्या मूल्यमापनांत ठळकपणे पुढे आलं, की पहिल्या तासांत जीव वाचवले ते स्थानिक लोकांनीच, आणि नंतर बाहेरच्या संस्थांनी त्यांनाच बाजूला सारलं. गावातल्या मंडळाला मजूर म्हणून वापरू नका. निर्णयात घ्या, खर्च द्या आणि अहवालात त्यांचं नाव लिहा.

पंधरा दिवसांनी परत जा

वाटप झाल्यावर १०-१५ दिवसांनी यादीतलं दर दहावं घर गाठा, आणि यादीत नसलेलीही काही. प्रश्न थोडेच : काय मिळालं, किती, वापरलं की विकलं, रांगेत किती वेळ गेला, कुणाला काही द्यावं लागलं का, कशाची जास्त गरज होती, तक्रारीचा नंबर माहीत होता का. वस्तू विकली असेल तर रागावू नका. त्या घराला रोख हवी होती, एवढीच त्यातली माहिती.

ही विचारपूस वाटप करणाऱ्याने करू नये. ज्याने किट हातात दिलं त्याच्या तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. दोन संस्थांनी गावांची अदलाबदल करावी, तुमचं आम्ही तपासतो, आमचं तुम्ही. खर्च होत नाही आणि उत्तरं खरी येतात. जे निघेल ते, चुकांसह, गावाला आणि देणगीदाराला एकाच भाषेत सांगा. देणगीदाराला फक्त यशोगाथा पाठवल्या, तर पुढच्या पुरातही तो जुने कपडेच पाठवणार.

निघताना

काम कधी थांबणार ती तारीख महिनाभर आधी गावात सांगा. अर्धवट घरं, न भरलेले हप्ते, औषधं सुरू असलेले रुग्ण यांची जबाबदारी कुणाकडे जाते ते नावानिशी लिहून द्या. चुलींची यादी आणि वस्त्यांचा नकाशा ग्रामपंचायतीत आणि बचत गटाकडे ठेवा. खाजगी तपशील त्यातून आधी काढून टाका. तक्रारींच्या वहीचा सारांश, नावं न घेता, तहसीलदारांना द्या. पुढच्या मे महिन्यात याच लोकांना बोलवून ती यादी समोर ठेवा : कोण स्थलांतरित झालं, कुणाचं घर आता उंचावर आहे, कुणाच्या घरी नवं बाळ आहे, कोणती वाट यंदा खचली आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत ते होऊ शकतं.